शब्दांचें माहेर : ‘व्हर्नाक्युलर’

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यांत सोनारी नांवाचें गांव आहे. तेथील श्रीकाळभैरवनाथ हें महाराष्ट्रांतील पुष्कळ घराण्यांचें कुलदैवत असून चैत्रांत देवाची मोठी यात्रा भरते व रथ निघतो. गांवांत वानरांची वस्तीही मोठी. हातांतला प्रसाद सांभाळूनच चालावें लागतें. पोटापाण्यासाठीं पुण्यामुंबईस किंवा समुद्रापलीकडे गेलेलीं कुटुंबें लग्नमुंजीनंतर दर्शनाला अशा गांवीं येतात, तेव्हां त्यांच्या मुलांच्या कानीं तेथील बोलणें पडतें. तें मराठीच असतें. पण ‘कां’ ह्याऐवजीं ‘कामून’ आणि ‘फार’ ह्याऐवजीं ‘लई’ म्हणणारें. इंग्रजी शाळेंत शिकणाऱ्या मुलांजवळ अशा बोलण्याला लावण्यासाठीं एक विशेषण तयार असतें : ‘व्हर्नाक्युलर’. तें उच्चारतांना नाक किंचित् मुरडलें जातें, आणि आईबापही बहुधा हरकत घेत नाहींत. आपल्या कुलदैवताच्या गांवची भाषा ज्या शब्दानें आपण मोजतों, तो शब्द स्वतः कोणत्या कुळांतला आहे, हें ह्या खेपेस पाहावयाचें आहे.

हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत ज्यांचे आजे-पणजे शाळामास्तर होते, त्यांच्या घरच्या जुन्या ट्रंकेंत ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षेचा दाखला सांपडण्याचा संभव आहे. मराठी सातवीनंतरची ही परीक्षा. ती उतरलेल्या मनुष्याला प्राथमिक शाळेंत शिक्षकाची जागा मिळे. आणि गांवांत कोणाचें पत्र वाचावयाचें असो, खत लिहावयाचें असो कीं व्याजाचा हिशेब सोडवावयाचा असो, लोक त्याच्याकडे येत. त्या काळीं ‘व्हर्नाक्युलर फायनल झालों आहें’ असें सांगण्यांत कमीपणा नव्हता. उलट त्यांत थोडा अभिमानच असे. आज मुंबईच्या कॉलेजांतून त्याच शब्दाचें शेपूट तोडून ‘व्हर्नाक’ असें करतात व मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला चिडविण्यासाठीं तें वापरतात. आजोबांना ज्या विशेषणानें मान दिला, त्यानेंच नातवाला मान खालीं घालावयास लावावें, हें कसें झालें?

प्रथम उच्चार व त्याबरोबर येणारे दोन भ्रम दूर करूं. ‘व्हर्-नॅ-क्यु-लर’ असे ह्या शब्दाचे चार अवयव असून आघात दुसऱ्यावर आहे. ऐकणाऱ्याला संस्कृतांतील ‘वर्ण’ आठवतो, आणि वर्णमालेशीं किंवा वर्णव्यवस्थेशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह होतो. तसें नातें मुळींच नाहीं. इंग्रजींतील ‘व्हर्नल’, म्हणजे वासंतिक, ह्या विशेषणाशींही त्याचा संबंध नाहीं. ‘व्हर्नल’ हें लॅटिनमधील वसंतवाचक ‘व्हेर’ ह्या शब्दापासून आलें. आणि तो ‘व्हेर’ व आपला ‘वसंत’ हे मात्र एकाच मूळ भाषेचे वंशज आहेत. नाद जुळला म्हणजे नातें जुळलें असें नव्हे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला पाठ होय.

‘व्हर्नाक्युलर’चा मूळ पुरुष लॅटिनमधील ‘व्हर्ना’ हा शब्द. रोमन लोकांच्या घरीं गुलाम असत. त्यांतील कांहीं युद्धांत पाडाव झालेले व कांहीं बाजारांत विकत घेतलेले असत. परंतु घरच्या दासीच्या पोटीं, धन्याच्याच छपराखालीं, जें मूल जन्मास येई तें जन्मापासून गुलाम असे व त्यास ‘व्हर्ना’ म्हणत. आपल्याकडील त्याला जवळचा शब्द दासीपुत्र. हस्तिनापूरच्या राजवाड्यांत जन्मलेला विदुर डोळ्यांपुढें आणला म्हणजे व्हर्नाची स्थिति चांगली समजते. धृतराष्ट्र व पंडु ह्यांचा तो भाऊ, त्यांच्याबरोबरच वाढलेला, शहाणपणांत दोघांहून सरस. पण आई दासी, म्हणून सिंहासनावर हक्क नाहीं. अडचणीच्या वेळीं सल्ला त्याचा घ्यावयाचा, आणि तो सल्ला कडू लागला कीं दुर्योधनानें त्याला त्याच्या आईचें कूळ ऐकवावयाचें. रोमचा व्हर्नाही असाच घरांत राहून घराबाहेरचा होता. विकत आणलेला गुलाम परदेशचा. धन्याची भाषा तो मोडकीतोडकी शिके. व्हर्नाला तीच भाषा जन्मापासून मिळे. घरांतील रीतिभाती, कुलुपें आणि गुपितें त्याला ठाऊक. त्यामुळें त्याची जीभही जरा धीट असे, अशी त्याची लॅटिन वाङ्मयांत ख्याति आहे.

‘व्हर्ना’वरून ‘व्हर्नाक्युलस’ हें विशेषण झालें. त्याचा अर्थ प्रथम ‘घरांत जन्मलेल्या गुलामाचें’, मग ‘घरचें’, ‘देशी’, ‘बाहेरून न आणलेलें’ असा पसरत गेला, आणि पसरतां पसरतां त्यांतील दास्याचा वास पुष्कळ कमी झाला. सिसरोनें रोमच्या वक्त्यांविषयीं ‘ब्रूटस’ नांवाचा ग्रंथ लिहिला आहे, त्यांत एक गोष्ट येते. प्लासेंशिया गांवचा टिंका म्हणून एक गृहस्थ मोठा विनोदी होता. परंतु रोमचा दवंडीवाला ग्रानियस त्याच्यापुढें उभा राहिला म्हणजे टिंका फिका पडे. ग्रानियसच्या बोलण्यांत असें काय होतें? सिसरोच्या मतें त्यांत एक प्रकारची घरची चव होती. आणि ही चव सांगण्यासाठीं त्यानें हेंच विशेषण योजिलें आहे. लॅटिनचा सर्वांत मोठा वक्ता एका दवंडीवाल्याच्या ज्या गुणाची स्तुति करतो, त्या गुणाचें हें नांव! म्हणजे ह्या शब्दाच्या रक्तांत दोन्ही गोष्टी आहेत : दासीच्या खोलीची लाज आणि घरच्या स्वयंपाकाची चव. पुढील सर्व इतिहासांत कधीं पहिलीचा जोर दिसतो, कधीं दुसरीचा.

इंग्रजींत हें विशेषण सतराव्या शतकाच्या आरंभीं आलें. त्या वेळीं विद्वानांची भाषा लॅटिन होती, आणि इंग्रजी ही इंग्लंडची व्हर्नाक्युलर भाषा होती. न्यूटननें १६८७ सालीं आपला ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ लॅटिनमध्यें प्रसिद्ध केला. युरोपांतील पंडितांनीं तो वाचावा अशी इच्छा असेल तर तोच राजमार्ग होता. त्याच न्यूटनचा प्रकाशावरील ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ १७०४ सालीं निघाला तो मात्र इंग्रजींत. लॅटिन भाषांतर त्यामागून, १७०६ सालीं झालें. ह्या सतरा वर्षांत इंग्रजीची शब्दसंपत्ति कांहीं एकाएकीं दुप्पट झाली नव्हती. आपल्या भाषेंत गंभीर शास्त्र सांगतां येईल, असा तिच्या विद्वानांना भरंवसा वाटूं लागला होता. जी भाषा आज इतरांस व्हर्नाक्युलर म्हणते ती स्वतः एके काळीं त्याच पंक्तीस बसली होती, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

आतां उपयोगाकडे वळूं. आजच्या चांगल्या इंग्रजींत ह्या विशेषणाचे तीन उपयोग विशेष रूढ आहेत. पहिला भाषेविषयीं : एखाद्या प्रदेशांतील लोक घरीं व बाजारांत जी बोलतात ती, दरबारची किंवा केवळ पंडितांची नव्हे ती. दुसरा उपयोग वनस्पति व प्राणी ह्यांच्या नांवांविषयीं. ‘आझाडिराक्टा इंडिका’ हें झाडाचें शास्त्रीय नांव; ‘कडुनिंब’ हें त्याचें मराठी व ‘बेवु’ हें कानडी व्हर्नाक्युलर नांव. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शास्त्रज्ञांच्या ह्या परिभाषेंत वाघाचें ‘टायगर’ हें इंग्रजी नांवही आपल्या ‘वाघा’इतकेंच व्हर्नाक्युलर ठरतें.

तिसरा उपयोग घरांविषयीं. शिकलेल्या शिल्पज्ञाच्या नकाशावांचून, गांवच्या गवंडी-सुतारांनीं, जवळपास मिळणाऱ्या मालांतून, पिढीजात अनुभवानें बांधलेल्या घरांना व्हर्नाक्युलर बांधणीचीं घरें म्हणतात. परंडा-धाराशिवकडील माळवदाचीं घरें हें ह्याचें चांगलें उदाहरण होय. जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, आणि वर मातीचा जाड थर दिलेलें सपाट छप्पर. त्यामुळें वैशाखांतही आंत गारवा, दिवसा वर धान्य-पापड वाळत घालावयास जागा आणि रात्रीं अंथरूण टाकावयास. घरगुती तें सर्व निर्दोष असतें असें मात्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव ह्या जिल्ह्यांतील हजारों माणसें अशाच दगडमातीच्या भिंतींखालीं व जड छपरांखालीं दडपून गेलीं. म्हणून जाणते लोक ह्या बांधणीचे गुण घेतात आणि दोष सुधारूं पाहतात; तिला ‘व्हर्नाक्युलर’ म्हणतांना त्यांच्या बोलण्यांत कुत्सितपणा नसतो.

जवळच्या शब्दांशीं ह्याची गल्लत होऊं देऊं नये. ‘नेटिव्ह’ म्हणजे जन्मानें तेथला. त्याचें मूळ आणि आपल्या ‘जन्म’, ‘जात’ ह्या शब्दांचें मूळ एकच आहे. ‘डायलेक्ट’ म्हणजे एखाद्या भाषेची प्रांतिक किंवा विशिष्ट समाजाची बोली. ‘कलोक्वियल’ म्हणजे लेखी नव्हे तें, बोलण्यांतलें; तें कोणत्याही भाषेंत असूं शकतें. ह्या हिशेबानें मराठी ही पुण्याच्या किंवा सोनारीच्या मनुष्याची व्हर्नाक्युलर भाषा, सोनारीचें बोलणें ही तिची एक डायलेक्ट, आणि ‘लई’ हा तींतील कलोक्वियल शब्द. सर्व मराठीला डायलेक्ट म्हणणें हें चूक, आणि ज्याच्या आईबापांची भाषा मराठी आहे अशा मनुष्यालाच ‘व्हर्नाक्युलर’ म्हणणें हें तर व्याकरणालाही सोडून आहे. भाषेला लावावयाचें विशेषण माणसाला लावलें कीं त्याचा अर्थ पुन्हां जुन्या रोमन घरांतल्या गुलामापर्यंत मागें जातो. आणि ‘व्हर्नाक’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडून न कळत तेंच बाहेर पडतें.

हिंदुस्थानांत ह्या शब्दाला अशी उतरती कळा कशी लागली, हें कळण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत जावें लागतें. आरंभीं तशी स्थिति नव्हती. १८३१ सालीं मोल्सवर्थचा कोश छापून निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर भाषेचा उल्लेख ‘मराठी’ असा तिच्या स्वतःच्या नांवानेंच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ पत्र काढलें, त्यांत इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या दोन रकान्यांत असे. पुढें २ फेब्रुवारी १८३५ रोजीं मेकॉलेनें आपलें शिक्षणविषयक टिपण लिहिलें. त्याच्या डोळ्यांपुढें बंगालप्रांत होता. तेथील लोकांच्या बोलण्यांतील भाषांत वाङ्मय नाहीं आणि शास्त्रीय ज्ञानही नाहीं, असा त्यानें निर्वाळा दिला. आणि संस्कृत-अरबीचे कैवारी असलेला विरुद्ध पक्षही ह्या एका मुद्द्यावर आपल्याशीं सहमत आहे, असें त्यानें पुढें म्हटलें. हें वाक्य आपण नीट वाचीत नाहीं. मेकॉलेनें संस्कृताचा उपमर्द केला ह्याचा राग आपल्याला येतो. परंतु घरच्या भाषेला खालीं बसविण्याच्या कामीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें, ह्याचा राग सहसा कोणाला येत नाहीं.

मुंबईस हा प्रश्न इतक्या सहजासहजीं सुटला नाहीं. तेथील बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे अभिमानी होते. त्यांच्या विरुद्ध १८४७ सालीं कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट उभे राहिले. जर्व्हिस हे इंजिनियर; त्यांनीं मुंबईस येथील मुलांना गणित व इंजिनियरिंगचे विषय देशी भाषांतून शिकविण्याचा उपक्रम पूर्वींच केला होता व त्यासाठीं मराठी पुस्तकें तयार केलीं होतीं. शंकरशेटांचें म्हणणें असें कीं, थोड्यांना इंग्रजीचें उच्च शिक्षण मिळावें हें ठीक. पण सर्व लोकांपर्यंत विद्या पोंचवावयाची तर ती त्यांच्या भाषेंतूनच पोंचेल. ह्या दोघांच्या तोंडीं ‘व्हर्नाक्युलर’ हा कैवाराचा शब्द होता. शेवटीं व्यवहारांत जी तडजोड झाली, आणि जिला १८५४ च्या वुडच्या खलित्यानें सर्व हिंदुस्थानांत बळकटी आली, ती अशी कीं, खालचें शिक्षण देशभाषेंत आणि वरचें इंग्रजींत. तडजोड समंजस दिसते. पण तिच्या पोटांतून एक जिना तयार झाला. खालच्या पायरीवरची ती व्हर्नाक्युलर, वरच्या पायरीवरची ती इंग्रजी. वर चढावयाचें म्हणजे खालची पायरी सोडावयाची, असा अर्थ लोकांनीं आपोआप घेतला. वरच्या वर्गांत आपल्या भाषेला स्थान मिळावें म्हणून न्यायमूर्ति रानड्यांना मुंबई विद्यापीठाशीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें, तें ह्या जिन्यामुळेंच.

राजकारणानें त्यावर आणखी एक छाप मारली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं जो मुद्रणविषयक कायदा झाला तो व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट ह्या नांवानें ओळखला जातो. त्याचा फांस देशी भाषांतील पत्रांच्या गळ्याभोंवतीं होता. इंग्रजी पत्रें त्यांतून मोकळीं होतीं. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’नें आपलें बंगाली रूप टाकून एकदम इंग्रजी रूप घेतलें आणि कायद्याच्या तावडींतून सुटका करून घेतली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १८८२ सालीं लॉर्ड रिपननें हा कायदा रद्द केला. परंतु ज्या भाषेंत लिहिलें असतां संशय येतो ती भाषा व्हर्नाक्युलर, एवढा अर्थ मागें राहिला.

आपल्या लोकांना हा शब्द कसा वाटे, हें संस्थांच्या नांवांवरून दिसून येतें. १८४८ सालीं अहमदाबादेस फोर्ब्स साहेबांनीं ‘गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी’ काढली. शंभर वर्षें होत आलीं तेव्हां, १९४६ सालीं, तिनें ‘गुजरात विद्यासभा’ हें नांव घेतलें. पुण्यास १८९४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचें इंग्रजी नांव ‘डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी’ असें होतें; मराठींत मात्र ती ‘ग्रंथोत्तेजक’ म्हणून ओळखली जाते. इंग्रजी पाटीवर जो शब्द चालला तो मराठी पाटीवर कोणीं भाषांतर करूनही आणला नाहीं. आपल्या घरांत बसून आपल्याच भाषेला ‘घरची’ असें कोण म्हणतो? ‘घरची’ हा शब्द बाहेर उभा असलेलाच वापरतो.

हें सर्व मुंबई इलाख्याकडचें झालें. सोनारी त्या इलाख्यांत नव्हती. शेजारचे बार्शी-करमाळा हे तालुके इंग्रजांकडे व परंडा निजामाकडे. सीमा ओलांडली कीं मामलेदाराचा तहसीलदार होई आणि कचेरीची भाषाही बदले. हैदराबाद संस्थानांत १८८४ च्या सुमारास फारशीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. तेथें विज्ञान, वैद्यक, कायदा हे सर्व विषय उर्दूंतून शिकविले जात, आणि त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडून शेंकडों ग्रंथ उर्दूंत आणले गेले. हिंदी भाषेंतून उच्च विद्या देतां येत नाहीं, हा मेकॉलेच्या काळापासूनचा ग्रह उस्मानियानें कृतीनें खोटा पाडला, हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. म्हणूनच तिची वाखाणणी ‘व्हर्नाक्युलर’ विद्यापीठ म्हणून होत असे.

पण कोणाच्या घरची भाषा? संस्थानांतील जवळजवळ निम्म्या लोकांची मातृभाषा तेलुगु, सुमारें चौथाई लोकांची मराठी. उर्दू मातृभाषा असणारे दहांत एकाच्या आसपास. सोनारीच्या आईनें मुलाला जोजवावें मराठींत, भैरवनाथाची आरती त्यानें म्हणावी मराठींत, आणि चार इयत्तांपुढें शिकावयाचें झालें कीं त्याच्यापुढें उर्दू उभी. इंग्रजीच्या तुलनेनें उर्दू ही देशी खरी. पण ह्या मुलाच्या दृष्टीनें दरबारची भाषा ती दरबारचीच. एकच भाषा हैदराबादच्या एखाद्या मोहल्ल्यांत घरची आणि सोनारींत परकी असूं शकते. भाषेंत व्हर्नाक्युलरपणा असा कांहीं गुण नसतो. कोण, कोठें उभा राहून बोलतो, ह्यावर तो अवलंबून असतो. सोनारीच्या मुलानें हें कोशांत न पाहतांच अनुभवलें.

त्या अनुभवांतूनच मराठवाड्यांतील मराठी शाळांची चळवळ उभी राहिली. ह्याच जिल्ह्यांतील हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ ह्या नांवानें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी झालेले व्यंकटेश खेडगीकर ह्या शाळेंत शिकवीत होते. तेथून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. ज्या लढ्यानें सोनारीची मराठी कचेरींत आणून बसविली, त्याचीं मुळें शाळेच्या फळ्यापर्यंत जातात, हें विसरतां कामा नये.

येथवर दोष इंग्रजांचा व निजामाचा निघाला, तो ऐकावयास गोड लागतो. पण आरसा आपल्याकडेही वळवावयास हवा. इंग्रजी येण्यापूर्वीं ह्याच महाराष्ट्रांत संस्कृताचा ओटा उंच होता आणि ‘प्राकृत’ म्हणून मराठीला खालीं बसविलेली होती. महानुभावांच्या नागदेवाचार्यांना मराठीचा आग्रह धरावा लागला तो ह्यासाठींच. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीता मराठींत आणली ती संस्कृताचा द्वेष म्हणून नव्हे. विद्या ज्यांच्यापासून दूर होती त्यांच्यापर्यंत ती जावी म्हणून. एकनाथांच्या मराठी भागवतावर काशीच्या पंडितांनीं आक्षेप घेतला अशी कथा परंपरेनें सांगतात. आक्षेप घेणारे कोणी परके नव्हते. आपल्याच वाडवडिलांपैकीं होते. आणि आज, मराठी मान्य झाल्यावर, आपण पुणेरी मराठीला ओट्यावर बसवून सोनारीच्या ‘कामून’ला अंगणांत उभें करतों. जिना तोच, पायरी मात्र एक खालीं सरकली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु सरकारी ठरावानें भाषेच्या डोक्यावर पागोटें चढतें. तिच्या घरांत तिला पाट मांडावयाचा तो आपणच. शहरांतील मराठी घरांत आज असा देखावा सर्रास दिसतो कीं, मुलाशीं बोलतांना आई मोडकें इंग्रजी बोलते व मराठी फक्त मोलकरणीशीं आणि आजीशीं बोलते. मूल शब्दकोश पाहत नाहीं, पण कोणती भाषा कोणासाठीं राखून ठेवली आहे हें तें अचूक हेरतें. ‘व्हर्ना’ ह्या शब्दाचा रोमन अर्थ त्याला अशा रीतीनें घरींच शिकविला जातो, आणि मग कॉलेजांत तें ‘व्हर्नाक’ म्हणूं लागलें तर त्यांत नवल तें कोणतें? मुलाला इंग्रजी उत्तम यावें ह्याबद्दल दुमत नाहीं. ‘दर्पणा’च्या दोन रकान्यांप्रमाणें दोन्ही भाषा शेजारशेजार बसूं शकतात, त्यासाठीं एकीला मोलकरणीच्या जागीं बसविण्याचें कारण नाहीं.

इंग्रजी लिहिणाऱ्या वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जेथें मराठी असें म्हणावयाचें आहे तेथें सरळ मराठी असेंच लिहावें. नांव असलेल्या भाषेला विशेषणाखालीं झांकूं नये. आणि घरबांधणी, वनस्पतींचीं नांवें, लोकांचें चालतें बोलणें ह्यांविषयीं लिहितांना हें विशेषण खुशाल, पण आदरानें वापरावें. मराठींत त्याला एकच प्रतिशब्द शोधूं नये. प्रसंगानुसार देशी, लोकभाषेंतील, गांवची बांधणी, घरचें असे शब्द योजावे. त्यांतल्या त्यांत ‘घरचें’ हा मूळ अर्थाला सर्वांत जवळचा.

विदुराची गोष्ट वर अर्धीच सांगितली. श्रीकृष्ण शिष्टाईसाठीं हस्तिनापुरास गेले, तेव्हां दुर्योधनानें पक्वान्नांची सिद्धता केली होती. ती नाकारून भगवंत दासीपुत्राच्या घरीं जेवले; आपल्या आज्या सांगत आल्या आहेत कीं तेथें त्यांनीं कण्या खाल्ल्या. ह्या चैत्रांत जीं कुटुंबें सोनारीला जातील, त्यांनीं मुलांना देवळाच्या पायरीवर थोडा वेळ बसवून तेथील म्हाताऱ्यांचें बोलणें ऐकूं द्यावें, आणि एखादा शब्द अडला तर हंसण्याऐवजीं त्याचा अर्थ विचारावयास शिकवावें.